नवरा कायमचा गावी आला, आणि माझं घर मलाच परकं झालं

मालवण तालुक्यातल्या एका वाडीतून ५२ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळलेत. लग्नाला २७ वर्षं झाली. लग्नानंतर चार महिन्यांत यजमान मुंबईला कामावर परत गेले, आणि पुढे गणपती, शिमगा, मे महिना एवढ्यापुरतेच गावी येत राहिले. इकडे ताईंनी सासऱ्यांचं आजारपण काढलं, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं शेवटपर्यंत केलं, दोन मुलं वाढवली, काजूची आणि हापूसची कलमं सांभाळली. आठ वर्षांपूर्वी वाडीतल्या दहाजणींनी बचत गट काढला. गट सोलं (आमसुलं), आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि कोकम सरबत करतो. ताई त्याच्या अध्यक्ष आहेत आणि माल त्यांच्याच पडवीत होतो. गेल्या दिवाळीत यजमान ५८ पूर्ण होऊन निवृत्त झाले आणि कायमचे गावी आले. तेव्हापासून गटाचे फोन तेच उचलतात. व्यापाऱ्याला ‘यापुढे व्यवहार माझ्याशी’ असं त्यांनी परस्पर सांगूनही टाकलं. पडवीतली पिंपं हलवून तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आणि आपल्या निवृत्तीच्या फंडाचे पैसे त्यात घालायचे, असं त्यांच्या मनात आहे. ताई चपला घालायला लागल्या की ‘खंय चललंस?’ येतं, आणि दुपारी एकच्या ठोक्याला पान वाढलेलं लागतं. शेजारणी म्हणतात, ‘आता तुझे दिवस इले गो.’ बहीण म्हणते, थोडं पडतं घे. गटातलीच एक म्हणते, आता अध्यक्षपद सोड. ताई विचारतात, ‘नवरा घरी आल्यावर जिच्या पोटात गोळा येतो, ती कसली बायको? या वयात मी बदलायचं, की त्यांना तोंडावर सांगायचं?’

ताई,

‘कसली बायको’ हा प्रश्न आधी निकालात काढू. पत्रात तो तुम्ही तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी विचारलाय, आणि त्याच्या ओझ्यामुळे बाकीचं काही धड बोलताच येत नाहीये तुम्हाला.

जरा हिशेब मांडा. गटाचं दप्तर तुम्हीच लिहिता, जड जाणार नाही. गणपतीला दहा-बारा दिवस, शिमग्याला आठवडा, मे महिन्यात फार तर तीन आठवडे. रजा मिळाली त्या वर्षी सव्वा महिना, नाही मिळाली त्या वर्षी तेवढाही नाही. २७ वर्षांचं सगळं मिळून तीन वर्षंही भरत नाहीत. तेही दिवस कसले? घर माणसांनी भरलेलं, चुलीवर वडे-सागोती, ओटीवर भजनी मंडळी. चार दिवस आलेत म्हणून तुम्ही वादाचं बोलणं गिळायचं, त्यांनीही गिळायचं, आणि एसटी सुटली की घर पुन्हा आपल्या चालीवर आणायचं. या घराचा जुलै महिना यजमानांनी गेल्या तीस वर्षांत बघितलेला नाही. तीन-तीन दिवस वीज नाही, सरपण ओलं, पडवीच्या कोपऱ्यात फुरसं निघालेलं, आणि सासूबाईंची औषधं संपलीत म्हणून उलटणारी छत्री सावरत मालवण गाठायचं. ते घर तुमच्या एकटीच्या ओळखीचं आहे.

तेव्हा ‘नवरा परत आला’ हे शेजारणींचं म्हणणं मला पटत नाही. परत यायला आधी राहिलेलं असावं लागतं. पन्नाशी उलटलेली, आपापल्या सवयी पक्क्या झालेली दोन माणसं पहिल्यांदाच एका घरात बारा महिने राहायला लागली आहेत. अशा वेळी पोटात गोळा येणारच. बावीस वर्षांच्या नवरीला निदान ‘होईल हळूहळू सवय’ म्हणणारं कुणीतरी असतं, तुम्हाला मात्र सगळ्यांनी ‘दिवस इले’ म्हणून मोकळं सोडलंय. तुम्ही वाईट बायको नाही. तुम्ही सात महिने न थांबता जुळवून घेताय आणि ते कुणाला दिसत नाही, म्हणून थकला आहात.

वाडीत अशी आणखी किती घरं आहेत, तेही एकदा बघा. आपल्याकडची घरं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालली. आधी गिरण्या होत्या. १९८२ च्या संपानंतर त्या बंद पडत गेल्या तेव्हा कितीतरी माणसं रिकाम्या हातांनी गावी आली, त्यांच्या बायकांना तर ‘दिवस इले’ म्हणायचीही सोय नव्हती. पुढची पोरं कारखान्यांत, दुकानांत, सोसायट्यांच्या गेटवर लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरती धावू लागली आणि येणं-जाणं सोपं झालं, राहणं तिकडचं ते तिकडेच राहिलं. नव्वदच्या दशकात गेलेली ती पिढी आता साठीला टेकलीय आणि एकेक करून गावी उतरतेय. हे सदर वाचणाऱ्या बऱ्याच जणी मनातल्या मनात मान हलवत असतील.

आता यजमानांकडे वळू. तुम्ही लिहिता, ‘त्यांना सगळं ताब्यात घ्यायचंय.’ असेलही. पण तुमच्याच पत्रातल्या दोन गोष्टी मला थोडं वेगळं सांगतात. ते कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि गावच्या मुंबई मंडळाचे खजिनदार. म्हणजे सकाळ झाली की चार माणसं काहीतरी विचारायला येणार, सही मागणार, ही आयुष्यभराची सवय. गावात त्यांना कोण काय विचारतंय? ‘काय, कायमचे इलास?’ एवढंच, आणि त्याचं उत्तर एकदा देऊन झालं की पुढे बोलायला काही उरत नाही. ज्यात फोन वाजतो, माल निघतो, पैसे येतात, असं घरात एकच काम चालू आहे आणि ते तुमचं. त्यांचा हात तिकडेच गेला.

दुसरी गोष्ट तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय. सात महिने झाले तरी त्यांची रेक्झिनची बॅग खाटेखालीच आहे, रोज शर्ट त्यातूनच काढतात आणि अर्धी बॅग जमिनीवर पसरून ठेवतात. रागावू नका ताई, पण कपाटातला एखादा खण त्यांच्यासाठी रिकामा झालाय का? की तिथे अजून साड्या, गटाची बिलबुकं आणि सासूबाईंची लुगडी आहेत? सगळ्या पत्रात तुम्ही ‘माझं घर’, ‘माझी पडवी’, ‘माझं खळं’ असं लिहिलंय. ‘आमचं’ एकदाच आलंय, तेही घरपट्टीच्या संदर्भात! हसले मी, खोटं कशाला बोलू. तुमचा तो हक्क कष्टाचा आहे, त्याबद्दल वादच नाही. पण जो माणूस अजून बॅगेतून कपडे काढतोय, त्याला हे घर आपलं वाटायला काही ठिकाण हवं. ते मिळालं नाही की माणूस फोनवर, टीव्हीवर नाहीतर व्यापाऱ्यावर हक्क सांगत सुटतो.

यातलं काहीही त्या व्यापाऱ्याला केलेल्या फोनचं समर्थन म्हणून लिहीत नाहीये. ती चूकच होती. फक्त ती अडाणीपणाने झाली की मुद्दाम, हे तुम्हाला पारखून घ्यावं लागेल. पारखायची रीत सोपी आहे: स्पष्ट सांगून बघा आणि पुढे काय होतं ते पाहा. ‘गटाचा फोन मला द्या’ म्हटल्यावर थोडं तोंड फुगवून का होईना, पण देतात? की लपवतात? तुम्ही सभेला गेलात तर नुसतं विचारतात की अडवतात? पासबुक मागतात का? तोंड फुगवण्यावर उपाय आहेत. अडवणं, पैसे काढून घेणं, धमकावणं, हात उगारणं यातलं काही असेल, तर मी पुढे लिहिलंय ते सगळं बाजूला ठेवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा अशा आर्थिक आणि मानसिक छळालाही लागू होतो, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात आणि १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही. इतर कुणाला स्वतःची गोष्ट ओळखू आली तर त्यांच्यासाठी हे लिहून ठेवलं.

तुमचा खरा प्रश्न गट सोडायचा की तोंडावर सांगायचं, असा आहे. बहिणीचा ‘पडतं घे’ हा सल्ला वाईट मनाने दिलेला नाही, पण कुठे पडतं घ्यायचं हे ती सांगत नाही. जेवणाच्या वेळेवर घ्या, टीव्हीच्या आवाजावर घ्या. गटावर मात्र घेऊ नका. कारण गट तुमचा नाही, ताई! तो दहाजणींचा आहे. त्याचं खातं पदाधिकाऱ्यांच्या सह्यांनी चालतं, निर्णय सभेत होतात, इतिवृत्त लिहिलं जातं. तुमच्या घरात शांतता राहावी म्हणून बाकीच्या नऊजणींचा हंगाम पणाला लावायचा अधिकार तुम्हालाही नाही. अध्यक्षपद कधीतरी सोडालच, पाळीपाळीने ते फिरायलाच हवं. पण ते सभेत, दुसरी तयार झाल्यावर. नवरा घरी आला म्हणून नव्हे.

तोंडावर सांगायचं म्हणाल तर जरूर सांगा, पण आत्ताच्या धबडग्यात नको. तुमच्या खळ्यात या दिवसांत काय चालतं ते तुम्ही इतकं छान लिहिलंय की मला वास आला. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून बिया काढायच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. अशी पुटं बसल्याशिवाय सोलाला तो काळपट लाल रंग चढत नाही. मध्येच वळवाचा शिडकावा आला की दहाजणी हातातला घास टाकून खळ्यात धावतात. अशा दिवसांत, बोटं कोकमाने रंगलेली आणि डोकं आभाळाकडे लागलेलं असताना, संसाराचं बोलणं काढलंत तर त्याचं भांडणच होणार.

पडवीबद्दल यजमानांना नीट माहिती द्या, नुसता विरोध करू नका. त्यांना ती रिकामी जागा दिसते. पाऊस आला की सोलं ठेवायला, आगळाच्या पिंपांना सावली द्यायला, बाटल्या भरायला तीच एक जागा आहे, हे त्यांना कसं कळावं? त्यांनी हंगाम कधी बघितलाय कुठे, मे महिन्यात आले तरी आंबे आणि लग्नं यातच ते दिवस जायचे. गटाने पडवीचं भाडं द्यायला सुरुवात करावी, रक्कम थोडी असली तरी चालेल, आणि एका कागदावर तसं लिहून दोन्हीकडच्या सह्या घ्याव्यात. घरची पडवी म्हणून फुकट वापरलेली जागा कुणीही कधीही मागू शकतं. भाड्याच्या जागेबद्दल निदान बोलणी तरी होतात. शिवाय ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या तालुका कक्षात आणि कृषी कार्यालयात एक चौकशी करा. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या प्रधानमंत्री योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, कर्जाशी जोडलेलं अनुदान दिलं जातं आणि बचत गटातल्या सदस्यांना प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीजभांडवलाची सोय आहे. यंदाचे अर्ज चालू आहेत का ते तिथे कळेल. गटाची स्वतःची शेड झाली तर पडवीचा वादच संपेल.

आणि एक धाडसी सुचवणी. यजमानांना गटात काम द्या. मालकी द्यायची नाही, काम द्यायचं. तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस घरात बसलाय आणि तुमच्या पिंपांवर तारखाही लिहिलेल्या नसतात, हे तुम्हीच कबूल केलंय. कुठलं आगळ कधीचं, किती बाटल्या गेल्या, किती परत आल्या, कुडाळ स्टेशनवर पार्सल कुणी पोचवायचं, या सगळ्याची वही ते तुमच्यापेक्षा चांगली ठेवतील. पण हे घरात चहा पिताना ठरवू नका. सभेत मांडा, बाकीच्यांना विचारा, एक काम आणि एका हंगामापुरतं असं इतिवृत्तात लिहा. गटातल्या सगळ्याजणी नको म्हणाल्या तर विषय संपला, आणि त्यांनी नको म्हणण्याची शक्यता बरीच आहे. भाव ठरवणं, व्यापारी आणि बँक या तीन गोष्टी काही झालं तरी गटातल्या बायकांकडेच राहू द्या. मदतीला आलेला पुरुष वर्षभरात ‘साहेब’ झाल्याचे गट मी पाहिलेत. तिथल्या बायका मग पुन्हा नुसत्या रातांबे फोडायच्या कामाला लागतात.

खोल्यांच्या बेताबद्दल मला जरा काळजी वाटते, ती पैशांची. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तारकर्ली-देवबागला घरोघरी खोल्या झाल्या, त्या बघून कुणालाही वाटणार. पण हा धंदा दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांवर चालतो. पावसाळ्यात होड्या आणि पाण्यातले खेळ बंद झाले की खोल्या ओस पडतात आणि स्लॅबला मात्र शेवाळ येतं. निवृत्तीचा सगळा फंड एका बांधकामात ओतणं मला पसंत नाही. आधी दोन वर्षांचा घरखर्च आणि दवाखान्याची रक्कम बाजूला काढा. पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावे १५ लाखांपर्यंत ठेवता येतात, दर महिन्याला व्याज हातात येतं. त्यांची पेन्शन १९९५ च्या कर्मचारी योजनेतली असेल तर त्यांच्या पश्चात ती तुम्हाला मिळते, पण कागदावर तुमचं नाव, जन्मतारीख आणि आधार जुळतंय का ते आत्ताच तपासा. हौस भागवायची तर असलेली एखादी खोली नाहीतर काजूच्या बागेतलं साधं घर, म्हणजे मांगर, नीट करून, राज्याच्या पर्यटन खात्याच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी करून एक हंगाम चालवून बघावा. आणि पाहुण्यांचा स्वयंपाक कोण करणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. याचं उत्तर गृहीत धरलं जातं, आणि ते बहुधा तुमच्याच पदरात पडतं.

त्याहून मोठी अडचण जमिनीची. तुम्ही लिहिलंय की सातबारा अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. मग वारस नोंद झालेली नाही. दीर आहेत, दोन नणंदा आहेत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा आहे. सामाईक जागेत फंडाच्या पैशांनी चार भिंती उभ्या केल्या आणि उद्या वाटणी निघाली, म्हणजे काय होतं हे आपल्या मुलखात कुणाला सांगायला नको. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेली घरं प्रत्येक वाडीत आहेत. हेच काम यजमानांवर सोपवा, आणि मनापासून सोपवा. तलाठ्याकडे खेटे घालायचे, मृत्यूचे दाखले जमवायचे, भावा-बहिणींना फोन करून एकत्र बसवायचं, वारस नोंद, मग वाटणी. तुम्ही २७ वर्षं घर चालवलंत, पण ‘घरचा पुरुष आल्यावर बघू’ म्हणून हे पडून राहिलं. आता पुरुष आलाय, त्याच्याकडे वेळ आहे आणि कागद सांभाळण्यात त्याची हयात गेलीय. हे काम करताना त्यांना गावात चार माणसं विचारतीलही.

ते होताना तुमचं नाव कुठे लागतं तेही बघा. ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर पती-पत्नी दोघांची नावं लावता येतात. पतीच्या हिश्शाच्या जमिनीवर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायला ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हा विषय महाराष्ट्रात गाजवला होता. जमीन सामाईक असेतो त्याचा उपयोग नाही, म्हणून वाटणी आधी. हे मागताना संकोच वाटेल. मागा. ‘माझं घर’ असं पत्रात लिहिताना संकोच वाटला नाही ना?

आता बोलण्याबद्दल. सोलं वाळून डब्यांत भरली गेली, पहिला पाऊस पडला, की एक दिवस दोघं घराबाहेर पडा. घरात बोलायला बसलात तर तुम्ही मध्येच चहा टाकायला उठाल आणि विषय तिथेच मरेल. आणि सुरुवात गाऱ्हाण्याने करू नका. आपल्याकडे देवळात एकाने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. तुमच्या घरात सध्या तेच चाललंय, फक्त ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्या तुम्ही एकट्या आहात आणि तेही तोंडातल्या तोंडात. तेव्हा आधी त्यांना विचारा. मुंबईत दिवस कसा जायचा? खोलीवर कितीजण होते? जेवण कोण करायचं? तुम्ही २७ वर्षांत तीनदाच मुंबईला गेलात, असं लिहिलंय. जसा त्यांनी तुमचा जुलै पाहिला नाही, तशी तुम्हीही त्यांची मुंबई पाहिलेली नाही. आणि गाववाल्यांच्या खोलीत पाळीने स्वयंपाक करून राहिलेल्या माणसाला भात लावता येतो आणि बांगडे तळता येतात, ही माहिती दुपारी एकच्या जेवणाच्या प्रश्नाला फार उपयोगी पडेल!

मग तुमचं सांगा. शब्द साधे ठेवा. ‘तुम्ही आलात ते मला हवं आहे, पण मला या घरात एकटीने ठरवायची सवय आहे, ती एका दिवसात जाणार नाही. गटाचं काम माझं नाही, दहाजणींचं आहे, त्यात तुम्ही सभेने सांगितलं तेवढंच करायचं. मी कुठे जाते ते सांगून जाईन, परवानगी मागून नाही.’ पहिलं वाक्य खरं वाटत नसेल तर म्हणू नका. त्याऐवजी ‘मला अजून कळत नाहीये’ म्हणा. तेही खरं बोलणंच आहे, आणि कोण जाणे, त्यांचंही तेच म्हणणं असेल.

एक नाजूक गोष्ट. रात्री झोप लागत नाही, अंगातून वाफा निघतात, म्हणून माजघरात वेगळं अंथरूण घालते आणि त्यावरून रुसवा होतो, असं तुम्ही शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय. तुमच्या वयात पाळी जाताना हे होतं. त्यावर इलाज आहेत, ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि यजमानांनाही सांगा की हा रुसवा-फुगवा नाही, शरीराचा भाग आहे. चिडचिडीतला थोडा वाटा त्याचा असू शकतो. मात्र घरातला कुणी उद्या ‘हिचं वयच तसं आहे’ म्हणून गटाचा, पडवीचा आणि फोनचा प्रश्न उडवून लावायला लागला तर ऐकून घेऊ नका. आणि वेगळं अंथरूण म्हणजे संसार मोडला असंही नाही. घोरणाऱ्या माणसाशेजारी झोपायची सवय विशीत लागते, बावन्नाव्या वर्षी कष्टाने लावावी लागते.

ज्यांचे यजमान अजून दोन-तीन वर्षांनी येणार आहेत, त्यांनी एक करावं. त्यांना एकदा गणपतीऐवजी जुलैत पंधरा दिवस रजा काढून बोलवा, सण नसताना, पाहुणे नसताना. घर कसं चालतं ते बघू दे, आणि वारस नोंदीचे कागद तेव्हापासूनच हलवायला लागा. पुण्या-मुंबईतल्या मुला-मुलींना विनंती, की फोनवरून ‘आई, तूच जरा समजून घे’ हे वाक्य काही दिवस बंद ठेवावं. समजून घेण्यात तिने बरीच वर्षं काढली आहेत. बाबांना फोन करून विचारा की दिवस कसा जातो.

‘या वयात बदलायचं का’ याचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे. बँकेत जायला घाबरणारी, स्लिप भरायला दिराच्या मुलाला बरोबर नेणारी बाई आज वाहतुकीच्या भाड्यावरून टेम्पोवाल्याशी हुज्जत घालते. तुम्ही बदलतच आला आहात, कुणाला न विचारता. तेव्हा पुढचा बदल कुणी सांगितला म्हणून करू नका, आणि कुणी सांगितला एवढ्यासाठी टाळूही नका. खणाचं तेवढं बघा, ते अर्ध्या तासाचं काम आहे.

बोलणं पावसापर्यंत थांबेल, पण व्यापाऱ्याचं थांबणार नाही. उद्याच गटासाठी वेगळं सिमकार्ड घ्या, ते सचिवांच्या फोनमध्ये घाला आणि व्यापाऱ्याला तुम्ही स्वतः फोन करा: ऑर्डर, भाव आणि पैसे यांचं बोलणं फक्त या नंबरवर. फोन करण्याआधी यजमानांना सांगा, की मी असा फोन करतेय. त्यांची परवानगी नको, पण त्यांना व्यापाऱ्याकडून कळायलाही नको.